जुन्या गाडीची नवी बॅटरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवण मागे पडलं की थोड्याच वेळात आमच्या डाळजच्या पाट्या लागतात. डाळज नंबर एक, दोन आणि तीन. डाव्या हाताला उजनीचं पाणी. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची मंडळी मोठमोठ्या गाड्या घेऊन इकडे येतात. मी आज बोलणार आहे ते त्या गाड्यांविषयी नाही. माझ्याकडे २००३ सालची मारुती ८०० आहे. पंधरा वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, तिची नोंदणी पुन्हा करून घेतली आणि २०२३ मध्ये आणखी एकदा. मुलगा म्हणतो, "बाबा, आता विका तिला." पण गाडीला काम आहे. माझ्या थोरल्या बंधूंच्या माघारी वहिनी आमच्याकडे असतात. त्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी बारामतीला न्यावं लागतं. सकाळी सातची वेळ असते. घरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर. एवढ्या कामाला ही गाडी पुरते. फक्त ती सकाळी चालू व्हायला हवी.

जानेवारी २०२४ मधल्या एका मंगळवारी ती चालू झाली नाही.

पहाटे साडेपाचला किल्ली फिरवली, तर नुसतं 'टक'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक'. पुतण्याला उठवलं, शेजारची दोन पोरं आली, धक्का मारत मारत गाडी हमरस्त्यापर्यंत नेली. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला, गाडीने आचके दिले, पण इंजिन काही घेईना. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या धक्क्यावर चालू व्हायच्या. त्याआधीच्या अँबॅसिडरला आणि जीपला तर हँडल असायचं. माझी गाडी मात्र एमपीएफआय इंजिनाची आहे. तिचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि पेट्रोल किती सोडायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. बॅटरी पार उतरली असेल तर या दोघांनाही जाग येत नाही, मग मागून दहा माणसं लागली तरी उपयोग नाही. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. पोरांचा घाम काढला, एवढंच.

चहाच्या टपरीजवळ एक मालट्रक उभा होता. मी त्याच्या चालकाला विनंती केली की तुमच्या बॅटरीवरून जरा वायर द्या. त्या भल्या माणसाने वायर काढली आणि मग माझ्या गाडीकडे बघून थांबला. म्हणाला, "गुरुजी, ये चौबीस का है." ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. ते माझ्या बारा व्होल्टच्या गाडीला दिले असते, तर बॅटरी राहिली बाजूला, तो छोटा संगणकच जळाला असता. महामार्गालगत राहणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला, तो बाराचा असतो. आधी अधिकला अधिक जोडलं. मग ट्रॅक्टरच्या उणे टोकाची वायर माझ्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या धातूवर लावली, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. गाडी चालू झाली. वहिनी पावणेआठला पोचल्या. त्यांची जागा दुसऱ्या रुग्णाला दिली गेली होती, दुपारी नंबर लागला. घरी आलो तेव्हा रात्र झाली होती. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण पाय सुजले होते ते मला दिसत होते.

आता खरी गोष्ट. ही बॅटरी जुनी नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये घेतलेली, म्हणजे जेमतेम चौदा महिन्यांची. आणि ती घेताना मी मोठ्या हुशारीने घेतली होती. आधीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी वारंवार उतरत होती. दुकानदार म्हणाले, "गुरुजी, मोठी टाका, चव्वेचाळीसची. साठ महिन्यांची वॉरंटी. पाणी घालायला नको, काही नको." मला ते पटलं. पैसे जास्त गेले, पण साठ महिने निश्चिंत, असा हिशेब केला. ती बॅटरी गाडीच्या ट्रेमध्ये नीट बसली नाही. मूळचा क्लॅम्प लागेना, म्हणून दुकानातल्या मुलाने सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून बांधली. टर्मिनल जाड होती, म्हणून वायरीच्या टोकांच्या पकडी पकडीने फाकवल्या. हे सगळं माझ्यासमोर झालं आणि मी चहा पीत बघत होतो.

वॉरंटीसाठी त्याच दुकानात गेलो. त्यांनी बॅटरी ठेवून घेतली, दोन दिवस चार्ज केली आणि परत दिली. म्हणाले, उत्पादनात दोष नाही. मला राग आला. त्यांचं म्हणणं खरं होतं, हे कळायला आणखी आठवडा गेला.

भिगवणला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ट्रॅक्टर, ऊसवाहतुकीच्या गाड्या, माशांचे टेम्पो, सगळ्यांचं वायरिंग त्यांच्याकडे. मी म्हटलं, "अण्णा, चांगली बॅटरी कोणती ते सांगा." ते म्हणाले, "बॅटरीचं नंतर बघू गुरुजी. आधी करंट कुठं जातोय ते बघू."

त्यांनी गाडी बंद केली, किल्ली काढली, दारं लावली आणि बॅटरीचं उणे टोक सोडवून मध्ये मीटर जोडला. गाडी झोपलेली असताना मीटरवर जवळजवळ काहीच दिसायला नको. आजकालच्या गाड्यांना घड्याळ, अलार्म वगैरेसाठी थोडी वीज लागते, ती ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर चालतं. माझ्या साध्या गाडीत ती त्याहूनही कमी असायला हवी होती. मीटरवर आकडा आला २८०.

मी गणिताचा शिक्षक होतो, तेव्हा तिथंच बसून हिशेब केला. २८० मिलीअँपिअर म्हणजे ०.२८ अँपिअर. गुणिले चोवीस तास, म्हणजे दिवसाला पावणेसात अँपिअर-अवर. मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस, गेले वीस. शुक्रवार ते मंगळवार चार दिवस, गेले सत्तावीस. पस्तीसच्या टाकीतून सत्तावीस गेले तर उरलं काय? आणि चव्वेचाळीसच्या टाकीतून गेले तरी सतराच उरतात, तेही ती आधी पूर्ण भरलेली असेल तर. बारामतीच्या एका फेरीत ती पूर्ण भरतच नव्हती. मी गळकी टाकी बदलून तिथं मोठी टाकी बसवली होती. भोक तसंच होतं.

अण्णांनी एकेक फ्यूज काढून बघितला. गळती निघाली टेपमध्ये. पुतण्याने हौसेने टेप आणि त्याचा ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता आणि वायर किल्लीवरून न घेता सरळ बॅटरीवरून घेतली होती. टेप बंद दिसायचा, पण ॲम्प्लिफायर जागा राहायचा. शिवाय इंजिनाकडे जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून हिरवी झाली होती. या दोन्हींच्या दुरुस्तीला अर्धा तास लागला आणि खर्च नव्या बॅटरीच्या दहाव्या हिश्शाचाही नव्हता.

मग चौदा महिन्यांची बॅटरी मेली कशी? फ्रान्समध्ये गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची आणि आम्लाची जी बॅटरी केली, तीच मुळात आजही आपल्या गाडीत आहे. वीज काढली की प्लेटांवर लेड सल्फेट साचतं आणि आम्ल पाण्यासारखं पातळ होत जातं. चार्ज केलं की सगळं उलट फिरतं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस राहिली, तर ते सल्फेट कडक होऊन बसतं आणि पुन्हा विरघळत नाही. म्हणजे तेवढी प्लेट कायमची गेली. माझ्याकडे हे दर आठवड्याला दोनदा होत होतं. त्यात ट्यूबच्या पट्टीवर बॅटरी रस्त्याने हादरत होती, आणि हादऱ्याने प्लेटांवरचा लगदा सुटून खाली पडतो. दुकानदाराने म्हटल्याप्रमाणे उत्पादनात खरोखरच दोष नव्हता.

म्हणून जुन्या गाडीला नवी बॅटरी घेण्याआधी तीन आकडे बघून घ्या, असं माझं सांगणं आहे. साधा मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, किल्ली फिरवण्याआधी, बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे निम्मी उतरली, १२ च्या खाली म्हणजे संपत आली. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर बघायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल आणि बॅटरी तर भरलेली असेल, तर बॅटरी थकली किंवा सेल्फ जड झाला. इंजिन चालू झाल्यावर पावणेचौदा ते साडेचौदा दिसले तर अल्टरनेटर ठीक. तेरा दिसले तर बॅटरी भरत नाही, पंधरा दिसले तर उकळते आहे. या दोन्ही परिस्थितींत नवी बॅटरी घातली तर तीही मरेल. एक गोष्ट मात्र करू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन चालू राहतंय का बघायचं, ही आपल्याकडची जुनी तपासणी आहे. डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. आताच्या गाडीत त्या एका झटक्याने अल्टरनेटर आणि संगणक, दोन्ही जातात.

डायनॅमोचा विषय निघालाच आहे. आमच्याच इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि मग पद्मिनी आल्या. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण हौसेने जपलेल्या खासगी गाड्या अजून आहेत. त्यांतल्या जुन्यांना डायनॅमो आणि कटआउट असतो. इंजिन मंद चालताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, आणि एरवीही थोडं कमीच व्होल्टेज देतो. आजच्या बिनपाण्याच्या बॅटरीच्या जाळीत कॅल्शियम असतं. तिला पूर्ण भरायला जास्त व्होल्टेज लागतं. ती अशा गाडीत कायम अर्धपोटी राहते. तिथं झाकणं उघडणारी, पाणी घालायची जुन्या पद्धतीची बॅटरीच बरी. महाग आहे म्हणून चांगली, हा हिशेब इथं उलटा पडतो.

माझ्या गाडीला अल्टरनेटर आहे, मीटरवर १४.२ आले होते. म्हणजे मला दोन्ही प्रकार चालले असते. तरी मी झाकणाची घेतली. एक तर आमच्याकडचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे. बॅटरीवर जे 'कोल्ड क्रँकिंग'चे अँपिअर छापलेले असतात, ते उणे १८ अंशांवर मोजलेले असतात. डाळजला तशी थंडी पडायची नाही. आपल्या बॅटऱ्या मारतो तो उन्हाळा, तेव्हा केवळ त्या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. उन्हाने आतलं पाणी उडतं. झाकण असेल तर ते भरता येतं, आणि हायड्रोमीटर घालून सहाही सेल वेगवेगळे तपासता येतात. सीलबंद बॅटरीवर जो हिरवा डोळा असतो, तो सहांपैकी एकाच सेलची खबर देतो. बाकीचे पाच कसे आहेत हे त्याला माहीत नसतं. पण खरं सांगायचं, तर ज्यांना महिन्यातून एकदा बॉनेट उघडायचा कंटाळा आहे त्यांनी बिनपाण्याचीच घ्यावी. झाकणाची बॅटरी घेऊन कोरडी मारण्यापेक्षा ते बरं. आणि पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. बोअरचं नाही, उजनीचं नाही, फिल्टरचंही नाही. आम्ल तर कधीच वाढवायचं नाही, कारण उडतं ते पाणी, आम्ल आतच राहतं.

मापाविषयी. बॅटरीवर एक सांकेतिक क्रमांक असतो. माझ्या गाडीची '३८बी२०एल'. ही जपानी पद्धत आहे. ३८ हा क्षमतेचा दर्जा, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सुमारे वीस सेंटिमीटर, आणि एल म्हणजे टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते. एलच्या जागी आर आणली तर वायर पोचत नाही, आणि ओढूनताणून पोचवली तर उलटी जोडली जाण्याची भीती. थोडी मोठी बॅटरी लावली तर अल्टरनेटर जळतो, असं बरेच लोक सांगतात, ते खरं नाही. मोठी लावायला हरकत नसते, पण ती ट्रेमध्ये बसली पाहिजे, मूळच्या क्लॅम्पने आवळली गेली पाहिजे आणि बॉनेट बंद केल्यावर पत्रा टर्मिनलला लागता कामा नये. डिझेल गाडीला मात्र मुळातच मोठी लागते, तिथं लहान मापाची घेऊन पैसे वाचवू नयेत. इंजिन थांबून आपोआप चालू होणाऱ्या नव्या गाड्यांसाठी वेगळ्या, बऱ्याच महाग बॅटऱ्या निघाल्या आहेत. जुन्या गाडीला त्यांचा काही उपयोग नाही.

कंपनीचं नाव विचाराल, तर मी सांगणार नाही. एक्साइडचे कारखाने आपल्या चिंचवडला आणि अहिल्यानगरला आहेत, अमरॉन तिरुपतीकडची. दोन्ही नावं लोकांच्या ओठांवर आहेत, आणखीही चांगल्या आहेत. नावापेक्षा मी तारीख बघितली. बॅटरी दुकानात पडून राहिली तरी आपोआप उतरत असते, उन्हाळ्यात जास्तच. बनवल्याची तारीख कुठं कोरली आहे ते दुकानदाराला दाखवायला सांगा, तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम, सहा महिन्यांपुढची घेऊ नका. बसवण्याआधी तिथंच मीटर लावा. मला पहिली दाखवली ती १२.३ व्होल्टची होती, मी मागे सारली. दुसरी महिन्याभरापूर्वीची निघाली, १२.७ ची.

वॉरंटी ३६ महिन्यांची, ४८ ची, ६० ची असते. पण तिचे साधारण दोन भाग असतात, हे विचारून घ्या. पहिल्या भागात दोष निघाला तर बॅटरी फुकट बदलून मिळते. दुसऱ्या भागात फक्त नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर काही टक्के सूट मिळते, आणि एवढी सूट तर घासाघीस केली की बऱ्याचदा एरवीही पडते. म्हणून बेरीज न बघता पहिला भाग बघायचा. माझी ३६ ची आहे, त्यातले १८ फुकट बदलीचे. किंमत चार हजारांच्या आत बसली. कार्डावर शिक्का, तारीख आणि गाडीचा नंबर घालून घेतला. वायरीच्या फाकलेल्या पकडी बारीक टर्मिनलला ढिल्या पडत होत्या, त्या अण्णांनी नव्या घातल्या आणि वर व्हॅसलिन लावलं.

जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या. २००१ च्या नियमांपासून विक्रेत्याने ती परत घ्यायची आहे, २०२२ मध्ये त्याजागी नवे नियम आले आणि जबाबदारी उत्पादकावर आणखी वाढली. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसं असतं, म्हणून तिचे पैसे मिळतात. भंगारवाला थोडे जास्त देतो. पण तो ती ओढ्याकाठी फोडतो आणि आम्ल तिथंच ओततो. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. आमच्या ओढ्याचं पाणी जातं उजनीत.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. भारनियमनाच्या वर्षांत आमच्या घरीच संध्याकाळी ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर टीव्ही आणि ट्यूब लावायची पद्धत होती. मग सकाळी ट्रॅक्टर चालू झाला नाही की बॅटरीच्या कंपनीला शिव्या. सेल्फची बॅटरी पातळ, पुष्कळ प्लेटांची असते. क्षणभर भरपूर करंट द्यायला ती केलेली आहे. तासन् तास दिवा जाळायला इन्व्हर्टरची जाड प्लेटांची निराळी बॅटरी लागते. दोन्हींची कामं बदलली की दोन्ही लवकर जातात.

नव्या बॅटरीवर मी पांढऱ्या रंगाने बसवल्याची तारीख लिहिली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला सहाही सेलची घनता वहीत उतरवतो. पूर्ण भरलेली असताना १.२५० च्या आसपास यायला हवी. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा पन्नास अंकांनी मागे पडला, म्हणजे १.२०० वर आला, की बॅटरी बदलायची, मग ती गाडी चालू करत असो वा नसो, असं अण्णांशी ठरवलं आहे. सध्या तिसरा सेल वीस-पंचवीस अंकांनी मागे आहे. परवा वहिनींनी विचारलं, "भावजी, तुमच्या वहीत काय म्हणतंय?" मी म्हटलं, "हा उन्हाळा काढेल असं वाटतंय, पण मी नवी मार्चमध्येच घेणार आहे." ट्रेचं माप लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवली आहे.